आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव

मंडळी, आज सकाळी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालू होती. मोतीबिंदूवाले काका, पाय मोडलेल्या काकू, आणि मग पाळकसाहेबांनी माझं नाव वाचलं. चिठ्ठी आईनंच दिली होती.

डोकं फिरलं. उभा राहून म्हणालो, "साहेब, मला आजार नाही. माझं एका मुलावर प्रेम आहे."

कुणी मान वर केली नाही. साहेबांनी पुढचं नाव घेतलं. मी तसाच बाहेर पडून घरी आलो.

दुपारी चर्चमधल्या मार्थामावशी पेजेचा डबा घेऊन दारात. रिटायर नर्स आहेत. यादीतल्या प्रत्येकाला रविवारी भेटायचं, हा त्यांचा नेम.

कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ताप न्हाई रं."

"मी आजारीच न्हाई, मावशी."

"मग जेवत का न्हाईस?"

भांडायचंही त्राण नव्हतं. ज्याच्यापायी कॉलेज सोडलं तो आता फोन उचलत नाही, एवढंच सांगितलं.

मावशींनी डबा उघडून पेज वाटीत ओतली. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. साहेब पाप म्हणतात. पण त्या पोराचं नाव सांग. तुझ्यासंगं त्याच्यासाठीबी प्रार्थना करीन."

सांगितलं. आमच्या घरात ते नाव आज पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

पेज अळणी होती. सगळी प्यालो.

जाताना मावशी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा तुला धरून ठेवते."

लय दमलोय. तुम्हीच सांगा, जाऊ का?