चालू पटाशी

नंदुरबारच्या बाजारात सुतारकामाचं सामान घ्यायला गेलं की पहिला प्रश्न एकच येतो: चालू देऊ की भारी? मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला नीट कळला नव्हता. आमच्या घरात चालू म्हणजे सुरू असलेलं, बंद न पडलेलं. पंखा चालू, विहिरीवरची मोटर चालू, शाळा चालू. दुकानात मात्र चालू म्हणजे हलक्या प्रतीचं, स्वस्तातलं. चालून जाईल असं.

मी नंदुरबारला वसतिगृहात राहून शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की जे काही छापलेलं आहे ते मला वाचता येतं आणि कळतंही. त्या दिवशी दादा सामान घ्यायला आला तेव्हा म्हणूनच मला सोबत घेऊन गेला. खोक्यांवर इंग्रजी असतं, तू वाच, असं तो म्हणाला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो बरीच वर्षं सुरतेला एका ठेकेदाराकडे फर्निचरचं काम करत होता. सुतारकाम आमच्या घराण्यात नाही, तो तिथेच शिकला. पण सगळं शिकला ते दुसऱ्याच्या हत्यारांवर. संध्याकाळी एकेक हत्यार पुसून ठेकेदाराच्या पेटीत परत ठेवायचं असा तिथला नियम होता. आता त्याला गावातच, म्हसावदजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, स्वतःचं काम सुरू करायचं होतं. कारण साधं होतं. वडील नवापूरला एका पोल्ट्रीवर रखवालदार आहेत, सणावारालाच येतात. मी वसतिगृहात. घरी माय एकटी असते. ती कधी बोलून दाखवत नाही, पण फोन ठेवताना दरवेळी काहीतरी आठवल्यासारखं करून आणखी थोडं बोलते.

ठेकेदाराने दादाची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. तोवर गावात काम मिळालं नाही तर परत जायचं, असं दादाने स्वतःशी ठरवलं होतं. आणि काम मिळण्यासारखं एकच ठिकाण दिसत होतं. शेजारचे नाना दोन खोल्या बांधत होते. त्यांच्या चौकटी आणि दारं दादाकडे आली तर चार लोक ती पाहतील, मग पुढचं आपोआप. नानांना विचारलं तर ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. शहाद्याला तयार दारं मिळतात, तीही त्यांनी पाहून ठेवली होती.

नंदुरबारच्या त्या दुकानात एक म्हातारे शेठ गादीवर बसलेले असतात. बाहेरून मिरचीचा ठसका येत होता आणि ते बोलता बोलता रुमालात शिंकत होते. दादाने भारी पटाशी मागितली. पटाशी म्हणजे लाकूड कोरायची सपाट, धारदार छिनी. त्याने ती अंगठ्याने आडवी चाचपली, काउंटरवर हलकेच वाजवून तिचा आवाज ऐकला. मग मला म्हणाला, "काय लिहेल शे?" मी खोक्यावरचं पोलादाबद्दलचं इंग्रजी मोठ्याने वाचलं. त्यालाही काही कळलं नाही, मलाही नाही. पण दोघांनी मान डोलावली.

एका भारी पटाशीच्या किमतीत चालूचा अख्खा संच येत होता, तरी दादाने भारीच घेतल्या. तीन पटाश्या आणि एक रंधा. हे एकदाच घ्यायचं, मग जन्मभर पाहायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. कमी घ्यावं पण चांगलं घ्यावं, असं मलाही वाटतं.

शेठ सामान बांधता बांधता थांबले. "आणि मागायला येतील त्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच समजावून सांगितलं. गावात हत्यार ठेवलं की लोक मागायला येणार. कोणी खिळा उपटायला नेईल, कोणी रंगाचा डबा उघडायला. नाही म्हणता येत नाही. म्हणून खेड्यातला प्रत्येक मिस्त्री एक चालू संच जोडीला घेतो. "भारी पेटीत, चालू भिंतीवर," असं म्हणून ते हसले. दादाही हसला आणि त्याने तो संच घेतला. पिवळ्या प्लास्टिकच्या मुठी, चकचकीत पाती. बसमध्ये दोन्ही पुडकी माझ्या मांडीवर होती.

पडवीत दादाने भिंतीला खिळे ठोकून पिवळ्या मुठीच्या पटाश्या टांगल्या. भारी तीन तेल लावून, मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. शेठ म्हणाले होते तसंच झालं. एकाने पटाशी नेली आणि सिमेंट लागलेली आणून दिली. दुसऱ्याची पोरगी परत द्यायला आली तेव्हा पटाशी वाकलेली होती. दादा चिडला नाही. "भितवरलं गावनं, पेटीमातलं मन्हं," असं तो मायला म्हणायचा. भिंतीवरचं गावाचं, पेटीतलं माझं. माय म्हणायची, सुरतेला जाऊन पोरगं व्यवहार शिकलं.

एका शनिवारी मी घरी होते. सकाळी नाना आले. नानांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. वडील नवापूरला गेल्यापासून आमचं थोडंसं रान नानांच्याच बैलांनी पेरलं जातं. आधी स्वतःचं, मग लगेच आमचं. त्यासाठी आम्हाला कधी मागावं लागलं नाही. माझ्या वसतिगृहाच्या प्रवेशाच्या दिवशीही मायसोबत तेच आले होते, धुतलेली टोपी घालून, कारण ऑफिसात बोलायची मायला भीती वाटत होती.

नाना म्हणाले, "पटाशी दे रे भाऊ. वखरना वेज साफ करना शे." वखराच्या बाभळीच्या लाकडाचं भोक त्यांना कोरून साफ करायचं होतं. दादा खाली बसून फळी रंधत होता. तो उठला. पेटी त्याच्या पायाशी होती आणि भिंत पाठीमागे. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग वळून भिंतीवरची एक काढून दिली.

नानांनी ती उलटसुलट करून पाहिली. "चालू शे ना?"

"हा नाना, चालूच शे," दादा म्हणाला.

एकाने विचारलं होतं, काम देते ना? दुसऱ्याने उत्तर दिलं होतं ते दुकानातल्या अर्थाने. मला तो शब्द ऐकून गंमत वाटली आणि मी मान खाली घालून हसले. नाना पटाशी खिशात खोचून गेले.

दुपारी त्यांच्या अंगणातून हाका आल्या. बाभळीचं लाकूड कठीण, नानांनी कुऱ्हाडीच्या माथ्याने जोराचा ठोका दिला होता. प्लास्टिकची मूठ उभी चिरली आणि पातं सटकून त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसलं. दादाने त्यांना मोटरसायकलवर बसवून म्हसावदला दवाखान्यात नेलं. टाके पडले. शीर वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

परत आल्यावर दादा बराच वेळ गाडीची टाकी पुसत बसला. मग पडवीत जाऊन भिंतीवरच्या उरलेल्या सगळ्या पटाश्या काढल्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत टाकल्या. मायला राहवलं नाही. ती म्हणाली, "आते दारे तुले देई का तो?"

"मी त्याना विचार नही करी ऱ्हायनू," दादा म्हणाला. पण तो विचार आम्हा तिघांनाही सोडत नव्हता, असं मला वाटतं. निदान मला तरी नाही. नानांच्या हाताची काळजी वाटत होती आणि त्याच वेळी मी दिवाळीला किती दिवस उरले ते मनात मोजत होते. दोन्ही एकदम होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतःच आले. हात गळ्यात अडकवलेला. दादाने बसायला पाट दिला, तो सारून ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, पेटी उघड. दादाने उघडली. लुगड्याच्या तुकड्यातून एक पटाशी काढून नानांनी उजव्या हातात धरली. लाकडी मूठ, टोकाला लोखंडी कडं. कडं असलं की ठोका बसला तरी मूठ चिरत नाही, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं.

"हाई तुन्ही," ते म्हणाले. "नि ती मन्ही?"

माय चहाचं पातेलं हातात घेऊन उंबऱ्यावर थांबली होती. दादाला सांगता आलं असतं की शेठनेच सुचवलं, सगळेच मिस्त्री असं करतात, तुम्ही ठोका जोरात मारला. तो इतकंच म्हणाला की ती मागायला येणाऱ्यांसाठी होती.

नाना हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मन्हा बैलसमा चालू जोडी नही व्हती रे भाऊ," ते म्हणाले. "एकच व्हती."

दादा उठला, नानांच्या अंगणात गेला आणि ते वखराचं लाकूड खांद्यावर घेऊन आला. ते पायाखाली दाबून भारी पटाशीने भोक कोरायला लागला. नाना बसल्या जागेवरून सांगत होते, डावीकडून घे, आणखी घे, तिथे गाठ आहे. गाठ होतीच. पटाशीच्या धारेचा एक बारीक कण उडाला. दादाने ती उन्हात धरून पाहिली आणि नानांपुढे केली. नानांनी धारेवर नख फिरवलं.

"आते व्हयनी घरनी," ते म्हणाले. आता झाली घरची.

चहा घेऊन ते गेले. दारांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. दुपारच्या बसने मी नंदुरबारला परत आले.

पुढचे बरेच दिवस मी मायला फोन करायचे आणि ती दुसरंच काही सांगायची. दारांचं काय झालं ते तिला विचारायचं धाडस मला होत नव्हतं. त्या दिवसांत मी या स्वस्त आणि महाग हत्यारांबद्दल खूप विचार केला. आमच्या घरात पाहुणा आला की त्याला कान न तुटलेला कप द्यायचा आणि तुटक्या कानाचा आपण घ्यायचा, ही मायची रीत. हत्याराच्या बाबतीत मात्र आम्ही ती सहज उलटी केली आणि कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. आम्हाला ते शहाणपण वाटलं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सोडून दिली तर मी खोटं लिहीन. भारी पटाशी हे दादाचं पोट आहे. गावाने ती महिनाभर खिळ्यांवर आणि डब्यांवर चालवली असती तर त्याला सुरतेलाच जावं लागलं असतं. शेठ काही चुकीचं सांगत नव्हते. मग चूक कुठे झाली? मला वाटतं, स्वस्त घेण्यात नाही झाली. डबा उघडायला पिवळी मूठ पुरे होती. कोण डबा उघडायला आलंय आणि कोण बाभळीची गाठ कोरायला, हे बघायला हवं होतं. पण असं दरवेळी कोण बघत बसणार, हेही खरं. मला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही.

दादाने स्वतःपुरतं एक उत्तर काढलं. आता पडवीतून कुठलंच हत्यार बाहेर जात नाही. ज्याला हवं त्याने लाकूड घेऊन यावं, तिथेच बसून करावं, हवं तर भारी पटाशीने. काही जण येतात. एक लांबचे काका मात्र यावरून रुसले, ते अजून आमच्या अंगणातून जात नाहीत, वळसा घालून जातात. दादा म्हणतो, जाऊ दे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचले तेव्हा अंगणात कडुनिंबाच्या फळ्या रचलेल्या होत्या. नानांच्या बांधावरचं पडलेलं झाड, आरागिरणीतून कापून आणलेलं. मायने दारातच कानाशी येऊन सांगितलं की दादाने सकाळी सुरतेला फोन करून जागा दुसऱ्याला द्या म्हणून कळवलंय. ती एवढंच बोलली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली.

पडवीत नाना आणि दादा भांडत होते. नानांच्या हातावर आता फक्त लालसर वण होता. त्यांना दार बाहेर उघडणारं हवं होतं, कारण खोली लहान आणि आत धान्याच्या गोण्या येणार. दादा म्हणत होता, बाहेर उघडलं तर पावसाने फुगेल आणि वाऱ्याने आपटेल.

"दार मन्हं शे का तुन्हं?" नानांनी विचारलं.

"दार तुम्हनं. पन आपटी तवय शिव्या मलेच पडतीन," दादा म्हणाला.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ही शिकेल शे. हिले विचार."

मी म्हणाले, मला दारातलं काही कळत नाही. नाना म्हणाले, मग एवढे दिवस तिथे काय शिकवतात? दादा हसत उठला आणि प्रत्यक्ष मोजूनच बघू म्हणाला. आम्ही तिघं नव्या खोलीत गेलो. तिथे भिंतींना अजून ओल होती आणि दाराच्या जागी नुसती मोकळी चौकोनी जागा. दादाने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मी ते खालच्या विटेशी घट्ट दाबून धरलं.