वच्छलाबाईंच्या जुळ्या पोरी

वच्छलाबाईंनी भर वर्गात माझी मास्तरकी उतरवली, त्याला चाळीस वर्षं झाली. अजून कान तापतात. पण सांगायलाच पाहिजे, कारण चूक माझी होती.

करमाडच्या पुढं एका वस्तीवर माझी शाळा होती. वच्छलाबाईंची मनकर्णा तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली. तोंडी हिशेबात सगळ्या वर्गाला गुंडाळून ठेवायची, पण पुस्तक उघडलं की घामाघूम. 'मगर' लिहिलेलं असलं तर 'गरम' वाचायची. मी छडी घेतली, कान पिळले आणि शेवटी शाळा सोडल्याचा दाखलाच लिहून ठेवला. वच्छलाबाईंना म्हणालो, "हिच्या बापाला अक्षर आलं नाही, आजाला आलं नाही. खाण तशी माती. शेतात न्या हिला." वर शहाणपणा केल्यासारखा हसलोही. त्या मनकर्णाला घेऊन निघून गेल्या.

मनकर्णाला एक जुळी बहीण होती, साळू. नाकीडोळी हुबेहूब. वच्छलाबाईंच्या लासूर स्टेशनच्या नणंदेला, लक्ष्मीबाईंना, मूल नव्हतं म्हणून साळूला तान्हेपणीच त्यांच्या ओटीत घातलेलं. त्या वर्षी अखितीच्या सणाला साळू आईकडं आली आणि पुड्याच्या कागदावर बोट फिरवत हळूहळू वाचायला लागली. वच्छलाबाई बघतच राहिल्या.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी वच्छलाबाई दोघींना घेऊन वर्गात शिरल्या. सारखे परकर, सारख्या वेण्या.

"ह्यातली बिनअकलेची कोणती, सांगा गुरुजी."

मी पुस्तक पुढं केलं. मनकर्णा अडली. साळूही अडली. तीही 'मगर'ला 'गरम' म्हणाली, मग थांबली, बोटानं बाकावर अक्षरं गिरवली आणि सावकाश सगळं पान वाचून काढलं.

"ही हुशार आहे," मी म्हणालो.

"हुशार नाय. दोघींची खोट येकच हाय, बापाकडून आलेली. माझ्या नंदेलाबी तीच, चवथी नापास हाय ती. पर कुठं अडतं ते तिला ठावं व्हतं. सुपात पीठ पसरून येकेक अक्षर आठ आठ दिस बोटानं गिरवून घेतलं तिनं. लई येळ लागला, पर हात नाय उगारला. खाण येकच हाय गुरुजी, मशागतीचं बोला!"

मला राग आला होता. मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"फाडा तो दाखला."

मी फाडला. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई सुपात पीठ घेऊन आल्या आणि दाराशी बसून राहिल्या. मी मनकर्णाचं बोट धरतो की कान, हे बघायला. असं महिनाभर चाललं.

मनकर्णाला वाचता यायला आणखी दोन वर्षं लागली. दहावी दुसऱ्या खेपेला निघाली. वच्छलाबाईंनी शाळेत येऊन माझ्या हातावर पेढा ठेवला आणि सगळ्या मास्तरांसमोर म्हणाल्या,

"खा गुरुजी. तुमची छडी सुटली, तवा पोरगी पास झाली."