नेट बंद पडायचं ते दिवस

आमच्या घरात हॉलमधून आतल्या खोलीकडे जाताना पॅसेजमध्ये एक लोखंडी घोडी उभी आहे. माझ्या छातीइतकी उंच. मुलगा तिला रॅक म्हणतो, म्हणून मीही रॅकच म्हणते. तिच्या कप्प्यांवर डबे आहेत. बाहेरून नेट येतं तो एक, घरभर नेट पसरवतो तो राउटर, सोळा भोकांची एक चपटी पेटी, तिला स्विच म्हणतात, मग कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं खोकं, आणि सगळ्यात खाली वीज गेली की चालणारी बॅटरी. एकट्या बाईला एवढं कशाला, असं तुम्ही विचाराल. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी विचारलंच होतं. "काय हो, बँक उघडताय का?" म्हणाल्या. आता पुण्यात राहायचं म्हणजे हे ऐकायचंच.

तर ते असं, की मुलगा घरून काम करायचा त्या काळात त्याने हे उभं केलं. दिवसभर आतल्या खोलीत दार लावून इंग्रजीत बोलायचा, आणि मी दाराबाहेर चहाचा कप ठेवून यायचे, एखाद्या साधूला ठेवावा तसा. मग त्याला जर्मनीत नोकरी लागली, तो गेला. तो गेला आणि वर्षाच्या आतच हेही गेले. यांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात झाली, तिथल्या क्वार्टरमध्येच आमचा संसार झाला, आणि निवृत्तीनंतर हा कात्रजकडचा फ्लॅट घेतला, तर त्यात यांना फार दिवस राहायलाही मिळालं नाही. मुलगा तेव्हा पंधरा दिवस आला होता. जाताना त्याने दोन कॅमेरे बसवले, एक दाराबाहेर, एक हॉलमध्ये. "तू एकटी आहेस, आई. मला तिकडून दिसत राहील," म्हणाला. मी म्हटलं, बसव बाबा. मला तरी तू कुठे दिसणार आहेस.

दर रविवारी फोन यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, विहारात जाऊन आलीस का. मीही तेच विचारायचे, विहार सोडून. दहा मिनिटं.

मग उन्हाळ्यात नेट बंद पडायला लागलं. रोज दुपारी, दोनच्या सुमारास. घरातलं नेट गेलं की मुलाच्या फोनवर आपोआप निरोप जातो, तशी त्याने सोय करून ठेवली आहे. मग माझ्या मोबाईलवर त्याचा फोन. मोबाईलचं नेट वेगळं असतं, ते चालतं.

"आई, रॅकपाशी जा. लाइट बघ. हिरवा आहे का लाल?"

मी जाऊन बघायचे. "हिरवा. अरे, सगळेच हिरवे."

"आत्ता आलं बघ. तू काही केलंस?"

"मी काय करणार? बघितलं फक्त."

"तू नुसतं बघितलंस आणि ते चालू झालं?"

"तुझ्या वडिलांचंही तसंच होतं," मी म्हटलं, आणि तो खूप हसला. या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यामुळे हसलं होतं.

हे आठ-दहा दिवस चाललं. रोज फोन. आपले साडेतीन वाजले की त्याचे बारा वाजतात, त्याची जेवणाची सुट्टी. तो तिकडे पाव खात बोलायचा आणि मी इकडे रॅकसमोर स्टूल घेऊन बसायचे. त्याने नेटच्या कंपनीला तिकडून फोन केला, इकडे माणूस येऊन गेला. तो आला तेव्हाही नेट चालूच. "मॅडम, कुछ प्रॉब्लेम नहीं है," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. मुलाला बॅटरीचा संशय आला, मग त्या चपट्या पेटीचा. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "आई, आज कशालाही हात लावू नकोस. आहे तसाच रॅकचा फोटो काढ आणि पाठव."

मी पाठवला. पाच मिनिटं काही नाही. मग फोन.

"आई, हे काय आहे?"

"रॅक."

"रॅक कुठे आहे? आई, तू रॅकला साडी नेसवलीस?"

आता सांगते. आमच्याकडे कात्रजला धूळ किती, तर सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी नाव लिहावं. रस्त्याचं काम संपत नाही आणि ट्रक थांबत नाहीत. माझ्या घरात मिक्सरला झाकण आहे, फ्रिजवर आहे, शिवणयंत्राला आहे, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा प्लॅस्टिक आहे. मग एवढ्या महागाच्या वस्तू उघड्या ठेवायच्या? एका जुन्या जाड साडीला आतून अस्तर लावून, मापात बेतून, खाली इलॅस्टिक घालून मी रॅकला झाकण शिवलं होतं. क्वार्टरमध्ये असताना वर्षानुवर्षं शाळांचे गणवेश शिवले आहेत मी. कोपरे असे बसले होते की काय सांगू.

मुलाचा फोन आला की मी झाकण काढायचे, लाइट बघायचे. तेवढ्यात डब्यांना वारा लागायचा, ते गार व्हायचे, नेट चालू. फोन ठेवला की मी झाकण परत घालायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं की आत भट्टी.

"साडी नाही, झाकण आहे," मी म्हटलं. "अस्तरासकट."

"अस्तरासकट!" त्याला बोलवेना. हसता हसता त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "आई, त्या डब्यांना श्वास घ्यावा लागतो गं."

मला वाईट वाटलं, पण फार नाही. कारण तो लगेच म्हणाला, "फोटोत खालून वायरी लोंबताना दिसतायत. मी घाईत कसंतरी सोडून गेलो होतो. आपण ते नीट लावून घेऊ. तू करशील? मी सांगतो. एका दिवशी एकच वायर."

असे तीन आठवडे गेले. मी आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण एवढी आनंदाने क्वचितच. रोज साडेतीनला फोन. फोन स्टुलावर उभा करायचा म्हणजे त्याला दिसतं. आधी फोटो, मग वायरीचं एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत हात न सोडता जायचं. लोकरीचा गुंता सोडवताना जातो तसं. टोक सापडलं की चिठ्ठी. चिठ्ठ्या तो कागदाच्या चिकटवायला सांगत होता. मी म्हटलं, कागद सुटतो. आम्ही गणवेशाचे कापलेले तुकडे गठ्ठ्यात बांधायचो तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याला कापडाची चिठ्ठी टाचायचो, बाही कुणाची, कॉलर कुणाची. तशाच चिठ्ठ्या केल्या. पांढरी पट्टी, पेनाने नाव, वायरीभोवती दोन टाके. "दाराचा कॅमेरा". "हॉल कॅमेरा". "टीव्ही". बांधायला तो प्लॅस्टिकचे पट्टे मागवतो म्हणाला. माझ्याकडे दप्तरांना लावायच्या वेल्क्रोचं अख्खं रीळ पडून होतं, ते दाखवलं, तर म्हणाला, "आई, ऑफिसमध्ये आम्ही हेच वापरतो. विकत आणतो." मला किती बरं वाटलं, हे मी त्याला सांगितलं नाही.

मध्येच एक दिवस दोन निळ्या वायरी निघाल्या. भिंतीच्या कडेने त्याच्या खोलीत गेल्या होत्या आणि तिथे टेबलाखाली नुसत्या पडल्या होत्या.

"या कशाच्या रे?"

"माझ्या कामाच्या टेबलाच्या. आता कशाला लागतात? काढून टाक."

"राहू दे की. आलास तर?"

"आलो तरी वायफाय आहे, आई."

काढल्या. गुंडाळून ठेवल्या. त्या दिवशी आम्ही लवकर फोन ठेवला.

कामाच्या मधे मधे बोलणं व्हायचं, तेच खरं बोलणं. वायर ओढता ओढता तो म्हणायचा, इथे आज खूप वारा आहे. किंवा, आमच्या मजल्यावरची म्हातारी मला रोज गुड मॉर्निंग म्हणते, बाकी कुणी म्हणत नाही. समोर बसून विचारलं तर "सगळं मस्त" म्हणणारा मुलगा, हात कामात असले की बोलतो. हे यांचंही तसंच होतं, सायकल उलटी करून चेन चढवताना मनातलं सांगायचे.

शेवटच्या दिवशी मी पूर्ण रॅकचा फोटो पाठवला. वायरी ओळीने, एका वेणीत घातल्यासारख्या. त्याने तो त्याच्या ऑफिसातल्या लोकांना दाखवला. "सगळे म्हणाले, तुझ्या आईला नोकरी देऊ." मी दोन दिवस त्याच आनंदात होते. समोरच्या बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"छान आहे. पण आता मुलगा फोन कशाला करेल?" म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. रोज तुमच्या डब्यांची विचारपूस चाललेली ऐकू यायची, म्हणून म्हटलं."

माणूस खरं बोलला की आपल्याला तो खवचट वाटतो. फोन बंद झालेच. म्हणजे रविवारी यायचा, दहा मिनिटं, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. रॅक आता एकदम शहाण्यासारखा वागत होता. एकदाही नेट गेलं नाही. साडेतीन वाजले की मी सवयीने स्टूल घेऊन तिथे बसायचे. हिरवे दिवे लुकलुकत असायचे. सगळं ठीक चाललं आहे हे सांगण्यापलीकडे त्यांना काही येत नाही.

आता पुढचं लिहू की नको, असं झालं होतं. पण लिहिते.

एका मंगळवारी दुपारी मी दाराच्या कॅमेऱ्याची वायर काढली. चिठ्ठी वाचून, क्लिप दाबून, व्यवस्थित, त्यानेच शिकवलं होतं तशी. मुख्य वायर काढायचा धीर झाला नाही. म्हटलं, एवढी एक. कॅमेरा बंद दिसला की निरोप जाईल, तो फोन करेल, मी म्हणेन, झाडताना धक्का लागला असेल. मग म्हणेल, बघ बरं आई, आणि मी बघेन. फोन मांडीवर घेऊन बसले. पंधरा मिनिटं. वीस मिनिटं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, आतल्या न दिसणाऱ्या जागीही खोटा टाका घातला नाही. आणि आता हे.

फोन वाजला.

"आई," तो म्हणाला. नेहमीसारखं लाइट बघ म्हणाला नाही. "वायर तू काढलीस?"

धक्का लागला असेल, हे तोंडात तयार होतं. पण त्याने विचारलं ते अशा आवाजात, की म्हणवेना.

"हो," म्हटलं. "तुला कसं कळलं?"

"हॉलच्या कॅमेऱ्यातून रॅक दिसत नाही, पण पॅसेजमधलं स्टूल दिसतं, आई. मी मीटिंगमध्ये होतो. दाराचा कॅमेरा गेला म्हणून हॉलचा उघडून बघितला. तू स्टुलावर बसली होतीस. फोन मांडीवर. मला वाटलं, तुला बरं नाहीये."

मी वर बघितलं. तो कॅमेरा मी रोज फडक्याने पुसते. भिंतीवरच्या घड्याळासारखा झाला होता तो, असतो हे लक्षातही येत नाही.

"मला फोन करायचा ना," तो म्हणाला.

"करून काय सांगू? सगळं चालू आहे म्हणून?"

तिकडे मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"वायर लाव आधी," तो म्हणाला. मी लावली. टक् असा आवाज होतो. "लागली?" "लागली." "मला जावं लागेल आत. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत करतो. दर बुधवारी करतो. ठीक?"

ठीक म्हटलं. फोन ठेवल्यावर मी आत जाऊन पडले. लाज वाटत होती, आणि बुधवार दुसऱ्याच दिवशी आहे हेही डोक्यात होतं. दोन्ही एकदम.

बुधवारी त्याने केला. काय म्हणतेस, काही नाही, तू काय म्हणतोस, काही नाही. तो पाव खात होता. मी बघत होते. एकदा त्याच्या तोंडून निघालं, "लाइट हिरवे आहेत ना?" आणि दोघंही ओशाळलो. असं ठरवून बोलायची आम्हाला सवयच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी निरोप आला, मीटिंग आहे. मी रॅककडे गेले नाही. मनात आलं नाही असं म्हणणार नाही, पण गेले नाही. गॅलरीत कपड्यांच्या घड्या करत बसले.

तिसऱ्या बुधवारी तो पाव एकाच बाजूने चावत होता.

"दाढ दुखते का रे?"

"नाही गं."

"तोंड उघड."

"आई, मी ऑफिसमध्ये आहे."

"कोपऱ्यात जा आणि उघड."

गेला बिचारा. कुठल्या तरी जिन्यात जाऊन त्याने फोनसमोर तोंड उघडलं. काय दिसणार, अंधार दिसला. पण मग सांगायला लागला. तीन आठवडे दुखत होती. माझ्याशी रविवारी बोलायचा तेव्हाही दुखत होती. डॉक्टरकडे जायचं तर तिकडे वेळ घ्यावी लागते, भाषा नीट येत नाही, एकटं जायचं म्हणून टाळत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, आई? तू काळजी करशील."

"मग मी दुसरं काय करते?" मी म्हटलं. खूप बोलले त्याला. लवंग ठेव म्हटलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन करून वेळ घे म्हटलं. त्याची सुट्टी संपली तरी आम्ही बोलत होतो. संध्याकाळी त्याने आपणहून फोन केला, लवंग मिळाली हे सांगायला.

पुढचे दहा दिवस रोज फोन. सूज किती, ताप आहे का, डॉक्टर काय म्हणाली. मग त्याने दाढ काढून घेतली, आणि दोन दिवसांत दुखायचं थांबलं. बरं झालं. आईला दुसरं काय वाटणार?

आज मंगळवार आहे. उद्या साडेतीनला काय बोलायचं, ते सकाळपासून शोधते आहे.