नऊ नंबरचं ताट

दवाखान्यात तिला सगळे ताटवाली मावशी म्हणत. ढकलगाडीवरून पन्नास खाटांना ताटं द्यायची, तासाभरानं गोळा करायची आणि तक्त्यात प्रत्येक खाटेपुढे 'दिले' असं लिहायचं. कोणी किती खाल्लं, याला तक्त्यात रकानाच नव्हता.

नऊ नंबरचे आजोबा सुतार. पायाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले तरी जखम भरेना. त्यांची कवळी उशीच्या अभ्र्यात राहिली आणि धुलाईला गेली ती गेलीच. तेव्हापासून ताट जसं जाई तसं परत येई.

"आजोबा, दोन घास तरी खा की."

"या पावाला रंधा मारून आण, मग खातो."

मावशीनं स्वयंपाकघरात मऊ जेवण मागितलं. आचारी म्हणाला, "नवा नियम आहे. आहारतज्ज्ञ बाईंची सही आण. त्या गुरुवारी येतात."

गुरुवारी बाईंनी तक्ता पाहिला. "यांना तर पूर्ण आहार जातोय!"

"जातोय हो, पण पोटात जात नाही ना!"

"तक्त्यात तसं दिसत नाही, मावशी."

दुसऱ्या दिवशी मावशीनं तक्त्याच्या समासात लिहिलं, 'परत आले'. ऑफिसातल्या साहेबांनी तो तक्ताच बाद केला. "समास कोरा ठेवायचा असतो." पन्नास खाटांचा तक्ता तिला पुन्हा उतरवून काढावा लागला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या फेरीला डॉक्टर नऊ नंबरपाशी थांबले. "जखम का भरत नाहीये? खाणं कसं आहे?"

"पूर्ण आहे, सर," सिस्टर तक्ता बघून म्हणाल्या.

मावशीनं ते ताट मुद्दाम उचललं नव्हतं. तिनं झाकण काढलं. भाताचा गारढोण गोळा, पाव तसाच. "हे बघा, साहेब, पूर्ण!"

डॉक्टरांनी चमच्यानं तो गोळा दाबून पाहिला. मग म्हणाले, "मऊ आहार द्या, मी सही करतो. आणि ते नवं इंजेक्शनही सुरू करा."

त्या दिवसापासून आजोबा वाटी चाटूनपुसून खाऊ लागले. दहा दिवसांत जखम कडेनं भरत आली.

"बघा सिस्टर, इंजेक्शन मानवलं!" डॉक्टर खुशीत म्हणाले.

आजोबांनी मावशीकडे बघून बोळकं पसरलं. तिला मात्र हसू येईना. दहा नंबरचं ताट भरलेलंच परत आलं होतं. तिनं ते गाडीवर ठेवलं, पेन काढलं आणि तक्त्यात लिहिलं, 'दिले'.