मधली कळी

आमची नाटक कंपनी बंद पडली तेव्हा मी रिकामा झालो आणि ताई कामाला लागली. ताई म्हणजे आमची कपडेपटवाली. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तुटलेल्या गुंड्यांवरून तिने तीस वर्षं आम्हा सगळ्यांना इतकं झापलं, की ती ताईच झाली. मी राजांच्या भूमिका करायचो म्हणून ती मला अजून ‘राजे’ म्हणते. चिडली की ‘अहो राजे’.

लाँड्रीच्या मागची पडीक जागा मागून घेऊन तिने शेवंती लावली. फुलं संपली की झाड चार बोटं राखून छाटायचं, बुडातून फुटवे येतात, तेच पुढच्या वर्षी लावायचे. असा तिचा संसार चालला होता. एका वर्षी वाफ्यात आपोआप रुजलेल्या एका रोपाला कुणी लावलंच नव्हतं असं फूल आलं. तांब्याच्या रंगाचं, पाकळ्या आत वळलेल्या, आतून फिक्या. नवं वाण! ताईने पंधरा वर्षं ते एकुलत्या एका लेकरासारखं वाढवलं.

बागकाम मंडळाचा नियम कडक. लागोपाठ तीन वर्षं किमान बारा फुलं एकसारखी आली, तरच वाण वहीत चढायचं. एक वर्ष चुकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. ताईची दोन वर्षं पार पडली होती, तिसरं चालू होतं. ती एकाहत्तरची झाली होती आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. म्हणून कळ्या खुडायला तिने मला बोलावलं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या तिला दिसत नव्हत्या.

फाटकात उभी राहून तिने मला काम समजावलं. मधोमध पायवाट, दोन्ही बाजूंना ओळी. “डावीकडे माझं नवं वाण. तिथे मधली कळी राखायची, बाजूच्या काढायच्या. एका दांडीला एकच मोठं फूल. उजवीकडे साधी, नेहमीची. त्यांची मधली काढायची, म्हणजे झुपके येतात. कळलं?”

“ताई, पाच-पाच अंकांचे संवाद पाठ केलेत मी.”

“म्हणूनच विचारतेय. निम्मे विसरायचात.”

मी पार टोकाला गेलो. भिंतीला पाठ लावून, फाटकाकडे तोंड करून बसलो आणि सुरुवात केली. रंगमंचावरची डावी-उजवी नटाची असते, समोर बसलेल्या प्रेक्षकाची नाही. हे माझ्या हाडात मुरलेलं. माझ्या उजव्या हाताला ज्या ओळी होत्या, त्यांच्या मधल्या कळ्या मी मन लावून काढत गेलो. वीस झाडांतली पंधरा झाली तेव्हा ताई चहा घेऊन आली.

तिने आधी झाड चाचपलं. मग दुसरं. कपबशी तिने खाली ठेवली.

“अहो राजे,” ती हळूच म्हणाली, “मधल्या कुठायत?”

मी ओंजळ उघडून दाखवली. फाटकातून तिची जी डावी, ती भिंतीपाशी बसलेल्या माझी उजवी झाली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, डोळा अगदी दांडीला लावून म्हणाली, “खालची सगळ्यात थोरली कळी राखा. बाकीच्या काढा. तीच मोठी होईल. पण आठ-दहा दिवस मागे पडेल, आणि मान थोडी तिरकी राहील.”

मंडळाच्या परीक्षक बाई फुलं बघायला यायला बेचाळीस दिवस होते. आठ-दहा दिवस मागे पडणं परवडणारं नव्हतं. शेवंतीला अंधार जास्त मिळाला की ती लवकर फुलते. ताईने ट्रंकेतून कंपनीचे जुने काळे पडदे काढले, बांबूवर ताणले. रोज संध्याकाळी पाचला पडदा टाकायचा, सकाळी सातला उचलायचा, हे काम माझ्याकडे. आयुष्यभर दुसऱ्यांनी माझ्यासाठी पडदा उचलला होता. कळ्यांवर रंग दिसेपर्यंत मी एकही खेप चुकवली नाही.

ठरल्या दिवशी सोळा फुलं उमलली होती. मी सुटकेचा श्वास सोडला, पण परीक्षक बाई पहिल्या पाच झाडांनंतर थबकल्या.

“या पाचांच्या माना सरळ आहेत. पुढच्या अकरांच्या तिरक्या. याला एकसारखं कसं म्हणू?”

“दोष वाणाचा नाही, हाताचा आहे,” ताई म्हणाली.

“कोणाच्या?”

“माझ्याच. दिसत नाही मला हल्ली.”

“खोटं बोलतेय ती,” मी पुढे झालो. “हात माझा.”

“तुम्ही कोण?”

“राजे,” ताई म्हणाली.

बाईंनी ते आडनाव समजून लिहून घेतलं. मी डावी-उजवी समजावली. त्या फाटकात जाऊन उभ्या राहिल्या, मग भिंतीपाशी. हसल्या नाहीत.

“गोष्ट छान आहे, राजेसाहेब. मला पुरावा लागतो.”

“दांडी बघा,” ताई म्हणाली. “कळी खुडली की वाळकी खूण राहते. जिथे मान वळलीय, तिथेच सापडेल. एका जरी तिरक्या मानेपाशी खूण नसली, तर खुशाल फुली मारा.”

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. पहिल्या फुलाला खूण होती. दुसऱ्याला होती. आठव्यापाशी त्या बराच वेळ वाकून राहिल्या, दांडी फिरवून पुन्हा पाहिली. ताईने माझी बाही घट्ट धरली होती. “आहे,” बाई म्हणाल्या, “पानाआड होती.” अकरावं झालं. मग त्यांनी एक सरळ आणि एक तिरकं फूल शेजारी धरलं आणि पाकळी पाकळी ताडून पाहिली. लाँड्रीतली इस्त्री आपटल्याचा आवाज मला इतका मोठा कधी वाटला नव्हता.

बाईंनी वही मांडीवर उघडली.

“तिसरं वर्ष पूर्ण. वाणाचं नाव काय लिहू?”

ताईने माझ्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, पदराने चेहरा पुसला.

“थांबा हो बाई,” ती म्हणाली. “पंधरा वर्षं मी फक्त इथपर्यंतचाच विचार केला होता.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि कोपऱ्यातली एक रिकामी कुंडी उपडी करून तिच्यावर बसल्या.