लाभाचा खडा

आमचे हे वाशीच्या बाजारात मापाडी होते, म्हणजे धान्य मोजून देणारे. जन्म मोजण्यात गेला म्हणून असेल, घरी बसल्यावर मोबाइलवर गणिताचा एक व्हिडिओ बघितला आणि तेच धरून बसले.

मला कळलं तेवढं सांगते. साखरेचे चौकोनी खडे घ्यायचे. तीन-तीनाचा चौकोन नि चार-चाराचा चौकोन मोडला की बरोबर पाच-पाचाचा होतो. हे मी स्वतः मांडून बघितलं. पण उंचीलाही तेवढेच खडे रचून ठोकळे केले, तर दोन ठोकळ्यांचा मिळून तिसरा ठोकळा कधीच होत नाही. ठोकळ्याच्या पुढच्या घातांसकट हे सगळं सिद्ध करायला मोठमोठ्या लोकांना साडेतीनशे वर्षं लागली म्हणे.

"सगळे आकडे कुणी मोजून बघितलेत?" हे म्हणाले.

मलाही ते पटलं. कुणी बघितले असणार?

आणि बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सांगूनच आले, रविवारी हा सिद्धांत मोडून दाखवतो. मला वाटलं, इतक्या वर्षांत यांच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आता म्हातारपणी हसं व्हायचं.

शुक्रवारी यांनी हाक मारली. जेवणाच्या टेबलावर सहाचा आणि आठाचा ठोकळा मोडून नवाचा रचला होता. वरचा एक कोपरा तेवढा रिकामा.

सून कॉलेजात गणित शिकवते. ती म्हणाली, "बाबा, एक कमी आहे."

"तो लाभ."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. मापाडी पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. साताऱ्याला आमच्या खळ्यावरही तसंच. तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे की, लाभ कुठे आकड्यात असतो?

सुनेनं शांतपणे विचारलं, "पण बाबा, लाभाचं माप पोत्यात पडतं ना?"

यांनी खडे पुन्हा मोजायला घेतले. शनिवारी जेवताना मी म्हटलं, "उद्या नका जाऊ, गुडघा दुखतोय म्हणून सांगते." तर म्हणाले, "पोतं कमी भरलं तर सांगायला नको?"

रविवारी मीही मागोमाग गेले. यांनी कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरून ठोकळा रचला आणि रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एक कमी पडला. मोडला नाही सिद्धांत."

बँकेतून रिटायर झालेले एक जण म्हणाले, "अहो, सातशे एकोणतीस खड्यांत एकच? एवढंच मापात मारणारा मापाडी पहिल्यांदा बघतोय." सगळे हसले, पण हेही हसले, म्हणून मला बरं वाटलं. मग मुंग्या आल्या आणि ठोकळा आवरावा लागला.

हे काही थांबलेले नाहीत. परवा सांगत होते, नवाचा आणि दहाचा ठोकळा मोडला तर बाराचा होतो आणि वर एक खडा उरतो. तेव्हापासून मला एकच कळत नाही. एकीकडे एक कमी, दुसरीकडे एक जास्त. मग हा उचलून तिकडे ठेवला तर?

सुनेला विचारलं. ती मग म्हणाली, "आई, तुम्ही पण?"