पाऱ्याचं बसून जेवण

एकतीस वर्षं तो स्टेशनसमोरच्या खानावळीत वेटर होता. पारा हे नाव मालकाने ठेवलं, कारण हा माणूस एका जागी टिकेल तर शपथ. एका हातावर चार ताटं, खांद्यावर फडका आणि डोक्यात अकरा टेबलांच्या ऑर्डरी. कागद-पेन्सिल त्याने कधी वापरली नाही आणि वापरणाऱ्यांची मनापासून कीव केली. स्वतःचं जेवण स्वयंपाकघराच्या दारात, उभ्याने, पाच मिनिटांत. घरीही तोच प्रकार. बायको ताटं वाढायची आणि हा ओट्याला टेकून चार घास कोंबायचा. "बसलं की घासच उतरत नाही गं," म्हणायचा. ती बिचारी एकटी जेवायची. बिचारी म्हटलेलं तिला खपणार नाही, पण खरं ते खरं.

तो निवृत्त झाला तेव्हा लेकीने दोघांना तीन दिवस मोठ्या शहरात फिरायला पाठवलं. काय काय बघायचं याची यादीही दिली. बायकोने यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मला एकच हवंय," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासमोर बसायचं आणि माझं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. एकदा तरी."

"हात्तिच्या! त्यात काय मोठंसं?" पारा म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने ठेवणीतले कपडे घातले. पांढरा शर्ट, काळी पँट. तिथेच घोटाळा झाला, हॉटेलातल्या वेटरांचाही तोच वेश. सूप येतंय न येतंय तोच शेजारच्या टेबलावरून कुणीतरी चुटकी वाजवली, "पाणी!" पारा उठला. खरं तर त्याचे पाय उठले, तो फक्त मागून गेला. पाणी दिलं, टेबल पुसलं, वर एका आजींना मासा घ्याच म्हणून आग्रह केला, जो त्याने स्वतः जन्मात चाखला नव्हता. तोवर तिथला खरा वेटर बायकोला विचारत होता, "हे नवीन आलेत का?"

"नवीन कुठले?" ती म्हणाली. "एकतीस वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला जावयाने दिलेला मोठ्ठ्या फुलांचा शर्ट घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. पण जित्याची खोड ती! डोळ्यांना भिंत होती, कानांना नव्हती. पाठीमागे कुणीतरी बिनमिठाचं जेवण मागितलं होतं आणि वेटरने ते भलत्याच टेबलावर ठेवलं. पाऱ्याला दरदरून घाम फुटला.

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली.

"अगं, ब्लडप्रेशरचा माणूस आहे तो!"

दोन घास कसाबसा तग धरला. तिसऱ्याला तो सगळ्या फुलांसकट उठला आणि ताटांची अदलाबदल करून आला. मॅनेजर इतका खूश झाला, की संध्याकाळच्या कामाला येता का म्हणून विचारू लागला. पारा हरखून ती बातमी सांगायला परतला, तर बायको हात पुसत होती.

"झालं माझं," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला एकटीने जेवायची सवय झाली होती, आणि ती आपण लावली, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी चारची बस होती. दुपारी तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. वेटर आला. "बाईंना काय आणू?"

पाऱ्याने रुबाबात तोंड उघडलं. पोस्टमास्तरांना भात मऊ, वकिलांच्या पावाची कड काढायची, सगळं त्याला पाठ. पण बायकोचं काही सुचेना.

"तुला काय आवडतं गं?"

"लवकर विचारलंत!" ती हसली. "बटाट्याची भाजी. कांदा घातलेली नको."

"आणि मी रोज खानावळीतून तळलेल्या कांद्याचा डबा आणायचो तो?"

"शेजारणीला द्यायचे. तिच्या फार आवडीचा."

जेवण आलं. पाऱ्याचं ताट सवयीप्रमाणे पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ. ती चौथ्या घासावर होती. ती सावकाश जेवायची, मध्येच थांबून शेजारणीच्या दाताची गोष्ट सांगायची, हे त्याला कुठे ठाऊक होतं? आत स्वयंपाकघरात काहीतरी खळकन फुटलं. कुणीतरी चुटकी वाजवली. टेबलाखाली पाऱ्याचे गुडघे थडथड उडत होते, पण तो बसून राहिला. "मग पुढे काय झालं त्या दाताचं?" त्याने विचारलं.

तेवढ्यात वेटरने त्याच्या ताटाला हात घातला. रिकामं ताट टेबलावर क्षणभरही राहू द्यायचं नाही, हा नियम पाऱ्याने स्वतः कितीतरी नवख्यांना शिकवला होता. त्याने ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "आम्ही अजून जेवतोय."